नेली आणि माझी आत्या

आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांना ओळीने पाटावर बसवून तेल-उटणं लावायची पद्धत आहे. आई असेपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर पहिला तांब्या तीच ओतायची. अपवाद एकच, माझी धाकटी आत्या. ती तेल लावून घेते, उटणं लावून घेते, ओवाळूनही घेते, पण डोक्यावर पाणी दुसऱ्या कुणाला ओतू देत नाही. तिचा तांब्या तीच घेणार, आधी बोट बुडवून बघणार, मग हळूच मानेवरून सोडणार. आम्ही भाचरं हसायचो. पुढे माझ्या मुलीने एकदा गंमत म्हणून मागून जाऊन तिच्या डोक्यावर गार पाणी ओतलं, तर आत्या अशी किंचाळली की शेजारच्या काकू हातातलं झाकण तसंच घेऊन धावत आल्या.

या किंचाळण्याचा अर्थ मला कळला तो एका अमेरिकन बाईमुळे. तिला जाऊनही आता शंभरावर वर्षं झाली. नेली ब्लाय तिचं नाव. तुमच्यापैकी काहींनी ते ऐकलं असेल, बहुतेक ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पत्रकार म्हणून. मलाही तेवढंच माहीत होतं. मुलीने तिच्यावरचं आणि तिने स्वतः लिहिलेलं अशी दोन पुस्तकं आणून दिली. इंग्रजी आहे म्हणून आधी बाजूला ठेवली, आणि मग एका दुपारी धुणं तसंच भिजत ठेवून वाचत बसले.

नेलीचं खरं नाव एलिझाबेथ जेन कॉक्रन. जन्म ५ मे १८६४, अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका खेड्यातला. वडील गिरणीमालक, गावात इतके मोठे की गावाला त्यांचंच नाव पडलेलं. पहिल्या बायकोची दहा मुलं आणि दुसरीची पाच. नेली या पाचांतली. ती सहा वर्षांची असताना वडील गेले, आणि मृत्युपत्र केलेलं नव्हतं. पुढे काय झालं असेल ते आपल्याकडच्या कुठल्याही बाईला सांगायला नको. दुसऱ्या घरच्यांच्या वाट्याला फारसं काही आलं नाही, राहतं घरही सुटलं. आईने आधार म्हणून पुन्हा लग्न केलं, तर तो नवरा दारुडा आणि मारकुटा निघाला. आईने घटस्फोटाचा दावा लावला तेव्हा कोर्टात उभं राहून साक्ष द्यायला गेली ती चौदा वर्षांची नेली. घरात बंद दाराआड जे चालतं ते चारचौघांत सांगायचं, हे तिने त्या वयात एकदा करून पाहिलं होतं. पुढचं सगळं आयुष्य तिने तेच केलं, असं मला वाटतं.

शिक्षिका व्हायचं म्हणून ती शाळेत गेली, पण पैशांअभावी एका सत्रातच परत आली. मायलेकी पिट्सबर्ग शहरात आल्या. १८८५ साली तिथल्या एका वर्तमानपत्रात मुलींचा उपयोग काय असा लेख आला. मुलींनी घर सांभाळावं, बाहेर पडून नोकऱ्या करू नयेत, असा त्याचा सूर. नेलीला राग आला. तिने खाली स्वतःचं नाव न घालता, एक एकटी अनाथ मुलगी अशी सही करून पत्र धाडलं. संपादकांना ते आवडलं आणि त्यांनी पेपरात जाहिरात देऊन पत्रलेखिकेला बोलावून घेतलं. तिथे तिला नोकरी मिळाली आणि एका गाण्यावरून नेली ब्लाय हे टोपणनावही. (बायकांच्या पुरवणीत मी लिहिते म्हणून मला यात जरा जास्तच रस.) ती कारखान्यात काम करणाऱ्या मुलींवर लिहू लागली, घटस्फोटाच्या कायद्यावर लिहू लागली. मग तिला फुलं, फॅशन आणि नाटकांवर लिहायला सांगू लागले. ती सहा महिने मेक्सिकोला जाऊन आली, आणि १८८७ साली सरळ न्यूयॉर्कला निघून गेली.

न्यूयॉर्कमध्ये चार महिने कुणी दारात उभं केलं नाही. शेवटी जोसेफ पुलित्झर यांच्या वर्ल्ड या वर्तमानपत्राने तिला एक काम दिलं. शहराजवळ नदीत ब्लॅकवेल नावाचं बेट होतं आणि त्यावर बायकांसाठी वेड्यांचं इस्पितळ. आत बायकांना कसं वागवतात याबद्दल बरंवाईट कानावर यायचं. पण नेलीला बाहेरून पाहून लिहायचं नव्हतं. वेडी म्हणून आत जायचं, राहायचं आणि बाहेर येऊन लिहायचं. बाहेर कसं काढणार, हे ठरलेलं नव्हतं. संपादक बघून घेतील एवढंच. तिचं वय तेव्हा २३.

आत जाणं फार सोपं निघालं, आणि या गोष्टीतली मला सगळ्यात घाबरवणारी बाब हीच आहे. तिने आरशासमोर उभं राहून डोळे विस्फारायचा सराव केला. नेली ब्राउन असं खोटं नाव सांगून नोकरदार गरीब बायकांच्या एका वसतिगृहात खोली घेतली, रात्रभर झोपली नाही, भिंतीकडे बघत बसली, इतर बायकाच वेड्या दिसतात असं म्हणत राहिली. सकाळी पोलीस आले. मग न्यायाधीश, मग बेलव्ह्यू इस्पितळातले डॉक्टर. सगळ्यांनी तपासलं आणि वेडी ठरवलं. इतर वर्तमानपत्रांत या गूढ वेड्या मुलीच्या बातम्याही छापून आल्या. आणि मग तिला बोटीत बसवून बेटावर नेलं.

बेटावर पाऊल ठेवल्यापासून नेलीने वेडाचं सोंग सोडून दिलं. ती रोजच्यासारखी बोलायला-वागायला लागली, मी बरी आहे, मला तपासा असं डॉक्टरांना सांगायला लागली. त्याचा उपयोग झाला नाही. ती जितकं शहाण्यासारखं बोले तितकी ती जास्त वेडी वाटे. एकदा कपाळावर शिक्का बसला की बाईचं बोलणं हे बोलणं राहत नाही, ते आजाराचं लक्षण होतं.

आता आंघोळ. पहिल्याच संध्याकाळी नेलीला थंडगार न्हाणीघरात नेऊन कपडे उतरवायला लावले. आजूबाजूला बायका बघत उभ्या. एका रुग्ण बाईनेच तिला खसाखसा घासलं आणि मग डोक्यावर बर्फासारख्या गार पाण्याच्या बादल्या, एकीमागून एक. डोळ्यांत, कानांत, नाकातोंडात पाणी. आपण बुडतोय असं तिला वाटलं. ओल्या अंगावर एक तोकडा झगा चढवला, त्यावर इस्पितळाचं नाव काळ्या अक्षरांत छापलेलं, आणि ओल्या केसांनीच तिला झोपायला पाठवलं. तेच पाणी पुढच्या बाईला आणि त्याच्या पुढच्या बाईला. टॉवेलही तोच, अंगावर फोड असलेल्या बाईला आणि नसलेल्या बाईलाही.

मी पुस्तक मिटलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले.

माझ्या आत्याला १९८३ साली मनोरुग्णालयात ठेवलं होतं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची झोप गेली. बाळाकडे बघेना, जेवेना, रात्रीच्या रात्री अंगणात फेऱ्या मारी. आज आपण बाळंतपणानंतरचं नैराश्य हे शब्द वाचतो. तेव्हा आमच्याकडे अंगारे झाले, उतारे झाले आणि मग शहरातलं ते मोठं इस्पितळ. साडेतीन महिने ती तिथे होती. तिला आणायला वडिलांबरोबर मी गेले होते, कॉलेजात होते तेव्हा. आत्याचे गुडघ्यापर्यंतचे केस कापून टाकलेले. तिने डोक्यावरून घट्ट पदर घेतला होता. एस.टी.त बसल्यावर ती तिथलं काहीतरी सांगायला लागली. वडील खूप प्रेमळ होते, तिच्यावर जीव होता त्यांचा. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून, झालं गेलं विसरून जायला सांगितलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. त्यानंतर पस्तीस वर्षं कुणी तो विषय काढला नाही. मीही नाही.

नेलीने विषय काढला. त्या इस्पितळातल्या आजारांबद्दल तिने फार लिहिलं नाही, ती काही डॉक्टर नव्हती. तिने इतर बायकांना विचारलं, तुम्हाला इथे कसं वाटतं? आणि त्या बायका तिच्याशी बोलल्या. त्या इस्पितळात तेव्हा सुमारे १६०० बायका होत्या. टिली मेयर्ड नावाची एक अशक्त मुलगी होती. नुकतीच आजारातून उठलेली, आराम मिळेल म्हणून आली होती. आपल्याला कुठे आणलंय हे तिला मागाहून कळलं. एक जर्मन बाई होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. ती काय सांगते हे कुणाला समजलं नाही, दुभाषी बोलावला नाही, आणि ती वेडी ठरली.

बायकांना पहाटेपासून रात्री आठपर्यंत कडक बाकांवर सरळ बसवून ठेवत. बोलायचं नाही, हलायचं नाही, वाचायला काही नाही. नेलीचं म्हणणं, चांगल्या धडधाकट बाईला दोन महिने असं बसवा, ती वेडी होईल. थंडी पडलेली, अंगावर एकच पातळ झगा. शाल मागितली की ऐकावं लागे की हे धर्मादाय आहे, इथे लाड होत नाहीत. लोणी खवट, चहा बेचव, चार-पाच वाळवलेले आलुबुखार म्हणजे जेवण. काही बायकांना फिरायला न्यायचे तेव्हा एका लांब दोराला बांधून. अशा दोराला बांधलेल्या ५२ बायका नेलीने मोजल्या. आणि परिचारिका! एखाद्या म्हातारीला मुद्दाम चिडवून रडवायचं आणि रडली म्हणून मारायचं. डॉक्टरांकडे तक्रार केली तर डॉक्टर परिचारिकेला विचारणार, ती म्हणणार असं काही झालंच नाही, आणि रात्री त्या बाईचे आणखी हाल. म्हणून बायका तक्रारच करत नसत. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सगळ्या समाधानी आहेत.

सगळंच काळं तिने रंगवलं नाही. तिथल्या एका डॉक्टरांबद्दल तिने चांगलं लिहिलंय. काय मोठं केलं त्यांनी? ते थांबून ऐकून घ्यायचे.

दहा दिवसांनी वर्तमानपत्राच्या वकिलाने तिला सोडवलं. बाहेर पडताना तिला आनंदापेक्षा अपराधीच वाटलं, कारण तिच्याइतक्याच शहाण्या काही बायका मागे राहिल्या होत्या. ९ आणि १६ ऑक्टोबर १८८७ ला तिचे लेख छापून आले. त्याच वर्षी पुस्तकही निघालं. चौकशी बसली. पंचांना घेऊन नेली पुन्हा बेटावर गेली, तर काय! सगळीकडे स्वच्छता, जेवण बरं, आणि तिने ज्यांची नावं घेतली त्यांतल्या काही बायका दुसरीकडे हलवलेल्या. साहेब येणार म्हटल्यावर शाळेच्या भिंती कशा एका रात्रीत रंगतात ते आपल्याला ठाऊक आहेच. तरीही पंचांनी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि वेड्यांच्या देखभालीसाठी शहराने सुमारे दहा लाख डॉलर जास्त मंजूर केले, असं तिने पुस्तकात लिहिलंय. श्रेय सगळं तिचं नसेलही. पण मला राहून राहून वेगळंच वाटतं. आत नेली जे सांगत होती ते खोटं ठरत होतं, बाहेर येऊन तेच सांगितलं ते खरं ठरलं. बाई तीच, बोलणं तेच.

पुढचं तिचं आयुष्य म्हणजे कादंबरीच, पण मी भराभर सांगते. १४ नोव्हेंबर १८८९ ला एक छोटी बॅग आणि अंगावरचा कोट एवढ्यावर ती जगप्रवासाला निघाली आणि ७२ दिवस, ६ तास, ११ मिनिटांत परतली. वाटेत आपल्या शेजारी कोलंबोलाही बोटीची वाट बघत थांबली होती. १८९५ साली तिने स्वतःपेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या कारखानदाराशी लग्न केलं. हे काही मला पटलेलं नाही, पण मला विचारतंय कोण! १९०४ साली तो वारल्यावर तिने पत्र्याच्या डब्या-पिंपांचा तो कारखाना स्वतः चालवला, कामगारांना सोयी दिल्या, पण हाताखालच्या लोकांनी पैसे खाल्ले आणि दिवाळं निघालं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने आघाडीवर जाऊन तिने बातम्या पाठवल्या. न्यूयॉर्कला परतून पुन्हा पेपरात सदर लिहिलं, अनाथ मुलांना घरं शोधून दिली. २७ जानेवारी १९२२ ला न्यूमोनियाने ती गेली, ५७ व्या वर्षी. तिच्या थडग्यावर दगड बसला तो १९७८ साली, तोही पत्रकारांच्या संघटनेने बसवला. बेटावरचं ते इस्पितळ १८९४ मध्येच तिथून हललं होतं. आता त्या बेटाला रूझवेल्ट बेट म्हणतात, जुन्या इमारतीचा एक अष्टकोनी भाग उरलाय, त्याला जोडून लोकांचे फ्लॅट आहेत. २०२१ साली तिथे नेलीचं स्मारक झालं. त्यात बायकांचे मोठमोठे चेहरे आहेत.

पुस्तक वाचल्यावर आठ-दहा दिवसांनी मी आत्याकडे गेले. आम्ही दोघी शेवया सुकवत होतो. धीर करून विचारलं, की त्या साडेतीन महिन्यांत तिथे कसं होतं. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर चिडेल. ती शांतपणे सांगायला लागली, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती.

ती म्हणाली, औषधांनी गुण आला. झोप लागली, बाळाला घ्यावंसं वाटायला लागलं. तिथे ठेवलं याबद्दल भावावर राग नाही. मग पाण्याचं सांगितलं. ओळीत उभं करायचे, नळाला रबरी पाइप लावून थेट डोक्यावर गार पाणी, डिसेंबरातसुद्धा. केस कापायच्या आधी कुणी विचारलं नाही. डॉक्टर यायचे, पण ही कशी आहे हे हिच्यासमोरच नर्सला विचारून पुढे जायचे. आणि सगळ्यात वाईट काय, तर घरी कधी सोडणार ते कुणी सांगायचं नाही. ती रोज भिंतीवर नखाने रेघ ओढायची. एक आया होती, तीच फक्त तिला नावाने हाक मारायची आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी अर्धी द्यायची. त्या आयाचं नाव, तिचं गाव, तिच्या लुगड्यांचे रंग, सगळं आत्याच्या लक्षात आहे. डॉक्टरांचं नाव मात्र तिला आठवत नाही.

नेलीची गोष्टही मी तिला सांगितली. तिने मध्येच थांबवून विचारलं, त्या बाईला दहा दिवसांत सोडवायला माणूस होता ना?

आत्या आत होती तेव्हा आपल्याकडे १९१२ सालचा इंग्रजांचा कायदा चालू होता, नावातच वेड हा शब्द असलेला. मग १९८७ चा कायदा आला, आणि आता २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू झालेला. तो मी मुलीकडून समजावून घेतला. मनोरुग्णाचे केस जबरदस्तीने कापता येत नाहीत. हवे असतील तर स्वतःचे कपडे घालता येतात. स्वच्छ जागा, पोषक जेवण, आडोसा, बायकांच्या पाळीची नीट सोय, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. सेवेत कमी-जास्त झालं तर तक्रार करायचा हक्क खुद्द रुग्णाला आहे. आपल्या वतीने कुणी बोलायचं हे तो आधीच नेमून ठेवू शकतो, आणि दाद मागायला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळं आहेत. हे सगळं प्रत्येक ठिकाणी होतं असा माझा भाबडा समज नाही. पण कागदावर असलं की निदान बोट ठेवता येतं. घरातलं कुणी दाखल असेल तर हे माहीत असू द्या.

२०२२ साली काका गेले आणि आत्या पुन्हा खचली. या वेळी गावाजवळच्याच शहरात, एका इस्पितळाच्या मानसोपचार विभागात बारा दिवस होती. मी तिच्या दोन सुती साड्या आणि तिचा कंगवा बरोबर दिला. घरी सोडायच्या दिवशी नर्सने एक छापील कागद आणून दिला. जेवण, स्वच्छता, कर्मचाऱ्यांची वागणूक, डॉक्टरांनी आजार समजावून सांगितला का, अशा प्रश्नांपुढे खुणा करायच्या होत्या. माझ्या आतेभावाने खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्या सगळीकडे समाधानकारक अशी खूण करायला सुरुवात केली. गाडी खाली उभी होती, त्याचंही चुकलं नाही. पण मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि आत्याला दिला.

तिने चष्मा मागितला. एकेक प्रश्न वाचायला तिला अर्धा तास लागला. आतेभाऊ दोनदा खाली जाऊन आला. जेवणाला तिने चांगलं म्हटलं, रात्रपाळीच्या नर्सला फार चांगलं. शेवटी सूचना लिहायला दोन ओळी सोडलेल्या होत्या. तिथे तिने वळणदार अक्षरात लिहिलं, की आंघोळीचं गरम पाणी सातलाच बंद होतं, आणि गोळ्यांमुळे ज्यांना उशिरा जाग येते त्यांना ते मिळत नाही, तरी नऊपर्यंत चालू ठेवावं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली, आणि कागद नर्सच्या हातात स्वतः नेऊन दिला.